गुळाचा रंग, दुधाचं फॅट आणि तंबोऱ्याची जवारी

गुळाच्या सौद्यात गूळ सगळ्यात कमी चाखला जातो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात हंगामात अडत दुकानांपुढे रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागतात. खरेदीदार येतात, एखादा रवा फोडून दाखवला जातो, तुटलेल्या बाजूवरून कुणाचं तरी बोट फिरतं आणि बोली सुरू होते. खरा निवाडा तोवर डोळ्यांनी करून टाकलेला असतो. पिवळाधमक, केशरी झाक असलेला गूळ वरच्या दराला जातो, लालसर त्याच्या खाली, आणि काळपट गूळ सर्वांत शेवटी कुणीतरी उचलतो. गूळ कठीण आहे का, कणीदार आहे का, हेही बघतात, पण रंग पाहून झाल्यावर.

करवीर तालुक्यातल्या ज्या गावात मी वाढले तिथे दिवाळीनंतर पहाटे धुराचा आणि उकळत्या रसाचा वास यायचा. चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं, आमचा ऊस तिथेच गाळला जायचा. गुऱ्हाळावर मालक कुणीही असो, रस उकळायच्या काहिलीपाशी हुकूम गूळ शिजवणाऱ्या गुळव्याचा चालतो. जळव्या चुलवाणात चिपाड सारत असतो, आणि त्याला जाळ वाढव की ओढ हे गुळव्या नुसत्या हाताच्या इशाऱ्याने सांगतो. रस तापला की वर मळी येते. रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की ती गोळा होते आणि मग झाऱ्याने काढून टाकायची. पुढे रसाचा फेस बदलतो, बुडबुडे मोठे आणि सुस्त होत जातात, काकवीची पायरी मागे पडते. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती भांड्यावर आपटतो. आवाज टणक आला की काहील उतरवायची. तापमापक लावला तर तो त्या वेळी साधारण ११६ ते ११८ अंश दाखवेल, पण मी पाहिलेल्या कुठल्याही गुळव्याने तो कधी लावला नाही. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर गूळ करपतो आणि लवकर उतरवला तर रवा धरत नाही. हे कसब बोटांत आणि कानात असतं.

एवढं सगळं जमवून आणल्यावर शेवटी एक पांढरी भुकटी टाकली जायची. तिला सगळे हायड्रोस म्हणतात. ते सोडियम हायड्रोसल्फाइट. ती पडली की डोळ्यांदेखत रस उजळतो, तपकिरीचा पिवळा होतो. लहानपणी मला ती जादूच वाटायची. काही महिन्यांनी तोच गूळ पुन्हा काळवंडतो, कारण रंग फक्त तेवढ्यापुरता उतरलेला असतो. पण तोवर सौदा होऊन पैसे हाती आलेले असतात आणि गूळ दूर कुठेतरी, बहुतेक गुजरातेत, पोचलेला असतो. या भुकटीमुळे गुळात उरणारा गंधकाचा अंश, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, किती असावा याची कायद्याने मर्यादा आहे, किलोला ७० मिलिग्रॅम. बाजारात दर ठरताना मात्र तो आकडा कुणी विचारत नाही.

मला यातली भेसळीपेक्षाही एक वेगळी गोष्ट खुपते. गुळाचा नैसर्गिक रंग खूप काही सांगत असतो. चोपण म्हणजे क्षारपड जमिनीतला, पाणी साचलेल्या रानातला ऊस खारट रस देतो आणि त्याचा गूळ काळा पडतो. युरिया सढळ हाताने टाकलेल्या उसाचा गूळ मऊ होतो, पावसाळ्यात पाझरतो. माळाच्या, निचऱ्याच्या जमिनीत, मापात खत घालून वाढवलेल्या उसाचा गूळ आपसूक उजळ निघतो. म्हणजे जुन्या व्यापाऱ्यांनी रंगावरून दर करायला सुरुवात केली तेव्हा ते चुकत नव्हते. रंग ही जमिनीची, खताची, गुळव्याच्या हाताची साक्ष होती. हायड्रोस आलं आणि ती साक्ष विकत मिळू लागली. आता चोपणातला ऊसही पिवळा गूळ देतो. ज्याने जमीन राखली, खत आवरलं, त्याच्या मालाला बाजारात निराळं ओळखणारं कुणी उरलं नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं. विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देतो, ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या खोटीच्या गाड्या. या मांडणीसाठी त्यांना २००१ साली नोबेल मिळालं. माझ्या ओळखीची जी गुऱ्हाळं बंद पडली त्यांच्यामागे मजूरटंचाई होती, साखर कारखान्यांचा ओढा होता, हे सगळं खरंच. पण त्यांत विनाभुकटीचा गूळ करण्याचा हट्ट धरणारी आधी बंद झाली, हे मी पाहिलं आहे.

गेल्या काही वर्षांत शहरांत वारं फिरलं. सेंद्रिय, रसायनविरहित गूळ असं छापलेली पाकिटं आली आणि गिऱ्हाईक काळपट गूळ मागू लागलं. मला आधी आनंद झाला. पण लक्षात घ्या, खूण तीच राहिली, फक्त उलटी झाली. काळा तो शुद्ध. आणि काळा रंग तर करपवूनही येतो, खारवट जमिनीतूनही येतो. पुण्यातल्या दुकानात मी चढ्या भावाचा असा एक खडा तोंडात टाकला तेव्हा जिभेला सरळ खार लागला. कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यात भुकटी नव्हती हे खरंच असेल. पण चांगला गूळ म्हणजे काय, हे त्या पाकिटाला ठाऊक नव्हतं आणि घेणाऱ्याला विचारायची सोय नव्हती.

या सगळ्यावर विचार करताना मला वाटतं की वस्तू करणारा आणि वापरणारा यांच्यातलं अंतर जितकं वाढतं, तितकी मधल्या माणसांना एक छोटी, चटकन दिसणारी खूण लागते. आणि खूण एकदा पक्की झाली की माल त्या खुणेसाठी बनू लागतो.

कोल्हापुरातच याची दुसरी बाजू बघायला मिळते. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळतं दूध ग्लासात देतात. तालमीतली पोरं, कामावरून परतणारी माणसं, लहान मुलांना घेऊन आलेले आजोबा तिथेच उभ्या उभ्या पितात. त्या कट्ट्यावर फॅट मोजायचं यंत्र लागत नाही. म्हैस समोर आहे, कास समोर आहे, बादली रिकामी होती हेही समोर दिसलं आहे. अंतरच नाही, म्हणून खूणही नको.

पण सगळं शहर असं गंगावेशीत उभं राहून दूध पिऊ शकत नाही. गावातून संकलन केंद्रावर, तिथून शीतकरणाला, मग टँकरने मुंबईला आणि पिशवीत भरून चौथ्या मजल्यावर दूध जायचं असेल तर आकडा लागतोच, आणि आकड्याचा मी तिरस्कार करत नाही. उलट दुधाच्या बाबतीत आकड्याने मोठा न्याय केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत अमेरिकेतल्या चीजच्या आणि लोण्याच्या कारखान्यांत दूध नुसतं वजनावर घेतलं जायचं. त्यामुळे पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा, दोघेही प्रामाणिक माणसाइतकेच पैसे नेत. १८९० साली विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बाबकॉक यांनी दुधात गंधकाम्ल घालून, नळ्या यंत्रात फिरवून फॅट मोजण्याची सोपी रीत काढली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. कुणालाही वापरता यावी म्हणून ती खुली सोडली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी तशीच रीत बसवली. आपल्याकडच्या डेअऱ्यांत कित्येक वर्षं चालली ती गर्बरची. काचेच्या मापनळ्या, आम्लाचा तो नाकात जाणारा वास, हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज, आणि नळीच्या मानेवरचा पिवळा थर उजेडात धरून वाचणारा दूध संस्थेचा सचिव. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या दूध संघाने गावोगावी सकाळ-संध्याकाळ दूध मोजून फॅटवर पैसे द्यायला सुरुवात केली. दोन शेरांची म्हैस असलेल्या बाईलाही मोठ्या गोठेवाल्याच्या दराने पैसे मिळाले ते या आकड्यामुळेच.

आधीचं साधन होतं लॅक्टोमीटर, आणि त्याची कथा बोधक आहे. ते दुधाची घनता दाखवतं. पाणी घातलं की दूध पातळ होऊन काचेची नळी खाली जाते, चोरी सापडते. पण साय पाण्याहून हलकी. साय काढली की उरलेलं दूध जड होतं, नळी वर येते. मग त्यात बेताचं पाणी घालायचं. नळी पुन्हा जिथे असावी तिथे येऊन थांबते. साय काढून घेतली, वर पाणी घातलं, आणि साधन म्हणतं दूध चोख आहे. एकाच आकड्यावर विसंबलं की असंच होतं.

याचं सर्वांत भयंकर रूप चीनमध्ये २००८ साली दिसलं. तिथे दुधातली प्रथिनं तपासताना थेट प्रथिनं न मोजता त्यांतला नायट्रोजन मोजला जात होता. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन टाकलं, जे प्लास्टिक बनवायला वापरतात, की नायट्रोजनचा आकडा पुन्हा भरून यायचा. ती पावडर बाळांच्या डब्यात गेली. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, मूत्रपिंडांत खडे झाले, सहा बाळं दगावली. प्रत्येक टप्प्यावर कागदावरचे आकडे नियमात बसत होते. आपल्याकडे एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, वाढवायला युरिया घालणारे याच वाटेचे लोक, आणि त्यांच्याबद्दल मला जराही दयामाया नाही.

आमच्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या गुणप्रतीला धरून जाहीर होतो. २०२३ च्या जुलैत राज्य सरकारने ३४ रुपये जाहीर केले तेही याच प्रतीला. आता होल्स्टीन या परदेशी जातीच्या संकराच्या गाई दूध भरपूर देतात, पण पातळ. उन्हाळ्यात, ओला चारा कमी पडला की एसएनएफ ८.५ च्या खाली घसरतो. अन्नसुरक्षेच्या मानकांत गाईच्या दुधाला किमान ३.२ आणि ८.३ चालतं, म्हणजे ते दूध प्यायला पूर्ण योग्य असतं. तरी दरपत्रकात प्रत्येक पॉइंटला कपात लागते, आणि खाली येताना पडणारी कपात वर जाताना मिळणाऱ्या वाढीपेक्षा जड असते, ही दूध उत्पादकांची जुनी तक्रार आहे. ती मला पटते. मोजमाप बरोबर असूनही त्याला जोडलेला दर एका बाजूने ओढलेला असू शकतो.

उसाचं तर आणखी विचित्र. साखर कारखान्याला हवी साखर, पण शेतकऱ्याला पैसे मिळतात वजनावर. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं, २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये. हा उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी. माझ्या वडिलांनी माळाला, बेताच्या पाण्यावर वाढवलेला को ८६०३२ वाणाचा ऊस आणि नदीकाठी पाण्यात लोळलेला ऊस कारखान्याच्या एकाच गव्हाणीत पडतो आणि दोघांना टनाला सारखाच दर. मग कुणी गोडी कशासाठी वाढवायची? पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने फुले २६५ हे वाण दिलं तेव्हा शेतकरी त्यावर तुटून पडले, कारण टनेज जबरदस्त आणि चोपण जमिनीतही तग धरणारं. कित्येक कारखाने मात्र उतारा कमी बसतो म्हणून त्याची नोंद घ्यायला नाखूश होते. एकच कांडं, पण दोघांची मापं निराळी, म्हणून भांडण. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये प्रत्येक शेतकऱ्याच्या खेपेतली साखर गिरणीत मोजली जाते आणि त्यावर पैसे मिळतात. आपल्याकडे दहा-वीस गुंठ्यांचे फड, एका दिवसात शेकडो ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. तिथली पद्धत उचलून इथे बसवता येणार नाही, हे मला कळतं. पण तंत्र जितकं स्वस्त होत गेलं आहे तितका या बाबतीत प्रयत्न झाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता मिरजेला जाऊ.

कोल्हापूरहून तास-सव्वातासाची वाट. दर्ग्याच्या आसपास सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी बनतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हे काम सुरू केलं असं सांगितलं जातं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज आपलंसं केलं आणि १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांना तिथल्याच दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आलं. किराणा घराण्याचा तो तंबोऱ्यात विरघळणारा स्वर आणि हा तंबोरे घडवणारा गाव, यांची सोबत योगायोगाची नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, कडू, जाड सालीचा. तो कित्येक महिने वाळवतात. दांडी तुणीच्या लाकडाची. इथवर डोळ्यांना कळणारं काम असतं: भोपळ्याचा घेर, लाकडाची शीर, वरचं नक्षीकाम, पॉलिश. घरात शोभेला ठेवणारा माणूस यावरच पैसे मोजतो आणि त्याला तसा तंबोरा मिळतो. पण गाणारा माणूस आला की तो बघत नाही. तो बसतो, तंबोरा आडवा किंवा उभा घेतो, तारा मिळवतो आणि डोळे मिटतो.

खरी गोष्ट घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, असते. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो अगदी पुसट उताराचा असतो. तार त्या उतारावर हलकेच घासत कंप पावते आणि त्या घासण्यातून एका सुरातून अनेक सूर उमलतात. याला जवारी म्हणतात. कारागीर कानस चालवतो, तार चढवतो, छेडतो, उतरवतो, पुन्हा घासतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून ती जागा सापडेपर्यंत ऐकत राहतो. एक केसभर धागा पुढे गेला की आवाज बंद होतो, मागे आला की झणझणतो. मी एका दुकानात बसून हे पाहत होते. पुण्याहून आलेल्या गायिकेला जवारी अजून गोल हवी होती, कारागीर म्हणत होते की आणखी गोल केली तर खरज, म्हणजे खालचा सूर, दबेल. दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नाही. त्यांनी तीन-चार वेळा घोडी काढली-बसवली, मध्ये चहा आला, पुन्हा छेडलं. “ताई, आता घरी नेऊन आठवडाभर गा. मग सांगा,” असं म्हणून त्यांनी तंबोरा गवसणीत घातला. पैशांची गोष्ट त्यानंतर निघाली.

त्या खोलीतलं माप कुठे होतं? एकाच्या कानात नाही, तर दोघांच्या कानांमध्ये. कारागिराचं ऐकणं आणि गायिकेचं ऐकणं एकमेकांवर घासलं जात होतं आणि त्यातून निर्णय आकाराला येत होता. असं ज्ञान लिहून काढता येत नाही, पण ते मनमानीही नसतं. दुसऱ्याला ऐकवता येतं, त्यावर वाद घालता येतो.

कानावर भरवसा ठेवायचा तर तो खरोखर कानावरच हवा, नावावर नको. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एक प्रयोग झाला. फ्रेंच संशोधक क्लोदिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी २१ व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, काळे चष्मे घालून, सहा व्हायोलिन वाजवायला दिली. तीन नवी, आणि इटलीतल्या जुन्या नामांकित कारागिरांची तीन: दोन स्ट्राडिव्हारियसची, एक ग्वार्नेरीचं. वासावरून जुनं लाकूड ओळखू नये म्हणून अत्तराचा थेंबही लावला होता. बहुतेकांनी नव्यांतलं वाद्य पसंत केलं आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हारियसला. कोट्यवधींची किंमत ज्या आवाजाची म्हणून मोजली जाते, तो आवाज डोळे झाकल्यावर वेगळा ओळखता आला नाही. जुनी वाद्यं वाईट असं यातून ठरत नाही. त्यांचा इतिहास, त्यांची दुर्मीळता यांचंही मोल असतं. पण ते आवाजाचं मोल म्हणून सांगितलं जाऊ नये. मानांकनाचा शिक्का मिळालेल्या मिरजेलाही मला हेच सांगावंसं वाटतं. शिक्का नकली माल अडवील, पण एखाद्या गायकाने समोर बसून ‘खरज दबतोय’ म्हणण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

बाजारात ही समोरासमोर ऐकायची सोय फार कमी लोकांना मिळाली. आपल्याकडे कित्येक पेठांत व्यापारी रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत दर ठरवायचे. हत्ता म्हणत त्याला. ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमाल हलताना बघायचा, आत काय चाललं आहे ते त्याला कळायचं नाही. शेवटी अडत्या एक आकडा सांगायचा. १८८६ साली वऱ्हाडात कारंज्याला देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ उभी राहिली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. इंग्रजांना गिरण्यांसाठी स्वच्छ कापूस हवा होता, शेतकऱ्याची फार काळजी होती असं नाही. तरीही वजन आणि व्यवहार उघड्यावर व्हायला हवा ही कल्पना तिथून रुजली. उघडा लिलाव ही पुढे बाजार समित्यांच्या कायद्याची पायाभूत गोष्ट झाली.

सोन्याच्या बाबतीत हे आपण इतक्यातच अनुभवलं. अडचणीच्या वर्षी माझ्या मावशीने पाटल्या मोडायला नेल्या. सोनाराने आत जाऊन कस लावला आणि बाहेर येऊन घट सांगितली. ती पडद्यामागे गेली नव्हती आणि तिला कसोटीवरची रेघ वाचताही आली नसती. २०२१ च्या जूनपासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, २०२३ च्या एप्रिलपासून विकायच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, सक्तीचा झाला. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की दागिना किती शुद्धतेचा, कुठे तपासला, हे कुणालाही मोबाइलवर दिसतं. घडणावळीची कला त्यात मोजली जात नाही, आणि मोजायची गरजही नाही. पण मोडायच्या वेळी बाईला पडद्याबाहेर ताटकळत उभं राहावं लागू नये, एवढं त्या सहा खुणांनी केलं.

म्हणून मला कान श्रेष्ठ की यंत्र, हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. गुळव्याचं बोट, सतारमेकरचा कान, गर्बरची नळी, सोनं तपासणारं क्ष-किरणांचं यंत्र, सगळी आपापल्या जागी खरी आहेत. मी प्रत्येक ठिकाणी एवढंच बघते की ज्याचा माल आहे त्याला माप दिसतं का, आणि त्यावर त्याला काही बोलता येतं का. गुळाच्या सौद्यात दिसतं ते रंगाचं माप, पण जमिनीचं आणि गंधकाचं नाही. गंधकाचं माप अडत्याच्या हिशेबाच्या पट्टीवर हमाली-तोलाईच्या खाली एका ओळीत छापायला लागलं तर भुकटी न टाकणाऱ्याला पहिल्यांदा स्वतःचा दर मागता येईल.

आमच्या गावच्या दूध संस्थेत यंत्राचा पडदा पूर्वी सचिवाच्या बाजूला होता. आकडा तो वाचायचा आणि वहीत लिहायचा. संस्थेच्या सभेत बायकांनी विषय काढला आणि दुसरा पडदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला बसवून घेतला. पहिले काही दिवस भांडणंच झाली. माझं दूध हिच्यापेक्षा कमी कसं, कालच्याहून आज कमी कसं. सचिव वैतागले. मग प्रश्न बदलले. एसएनएफ उतरला की तो कशाने उतरतो, हे बायका पशुवैद्यकांना विचारू लागल्या. कुणाच्या गाईला कासदाहाची सुरुवात होती, ती आकड्यावरून आधी लक्षात आली. कुणी उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, जनावर ठेवलं होतं, तिथे कडबा आणि क्षारमिश्रण सुरू झालं. आई आता रोज संध्याकाळी फोनवर मला फॅट सांगते, आणि त्याच्याबरोबर म्हशीने काय खाल्लं तेही सांगते.